भंगार की दुरुस्ती?

शास्त्रपाठ : गलतीकरांस पत्र 6:1-5, मत्तय 4:18-22, योहान 21:15-19



आमच्या मंडळीतील एका दिवंगत सभासदाच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, एक जुनी जीप बरीच वर्षे उभी होती. खानापूरकडच्या पावसाने तिचा हूड कुजला होता, टायर मातीत रुतले होते आणि मागच्या बाकाखाली कोंबड्या अंडी घालीत होत्या. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेला होता. तेव्हा आम्ही तिघांनी ती घरच्यांकडून मागून घेतली व पुन्हा चालती करण्याचे मनावर घेतले. आम्ही तिघेही नोकरीतून निवृत्त, आणि तिघांनीही एके काळी मंडळीच्या कमिटीवर काम केलेले. खरे सांगायचे तर त्यात भक्तिभाव नव्हता, हौस होती. परंतु त्या हौसेच्या निमित्ताने प्रभूने आम्हांला एक धडा दिला. तो केवळ आमच्यापुरता नाही असे वाटते, म्हणून हे लिहीत आहोत.

या गाडीची कुळकथा अनेकांस ठाऊक असेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याला चिखलातून, वाळूतून, डोंगरातून जाणारी हलकी गाडी हवी होती. 1940 साली बँटम कंपनीने पहिला नमुना तयार केला, आणि 1941 पासून युद्ध संपेपर्यंत विलिस व फोर्ड या कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. आपल्या देशात 1947 पासून महिंद्र कंपनीने सुटे भाग आणून त्या जोडण्यास आरंभ केला, व पुढे त्या येथेच बनू लागल्या. आमच्या हाती आलेली गाडी त्याच कुळातली, सीजे-3बी जातीची, 1968 साली नोंदलेली. उंच बॉनेट, पुढे सात फटींची जाळी, चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन, आणि चालकाच्या पायाशी तीन दांडे : एक गिअरचा, एक पुढच्या चाकांनाही ओढ देण्याचा, एक अवघड चढणीवर जोर वाढवण्याचा. एके काळी हीच गाडी पावसाळ्यात पाळकांना खेड्यापाड्यांतील उपासनांना घेऊन जात असे.

पहिल्या दिवशी आम्हांला वाटले की गाडी दिसते तेवढी वाईट नाही. मध्यंतरी कोणीतरी तिला जाड हिरवा रंग दिला होता. तारेचा ब्रश फिरवला तेव्हा रंगाखाली पुट्टीचा थर निघाला, आणि पुट्टीखाली पत्राच नव्हता. बोट आरपार गेले. गंजावर रंग दिल्याने गंज थांबत नाही. ओल आत कोंडून राहते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. यहेज्केल संदेष्ट्याने तेराव्या अध्यायात कच्च्या भिंतीला चुना फासणाऱ्यांना जो इशारा दिला आहे, तो आम्हांला त्या दिवशी आठवला. पौलही गलतीच्या मंडळीला लिहिताना अपराधाला अपराधच म्हणतो, त्याला गोड नाव देत नाही. झाकपाक म्हणजे क्षमा नव्हे. जो गंज पाहायला तयार नाही त्याला दुरुस्ती करता येत नाही, एवढे आधी मनाशी पक्के असावे.

परंतु गंज दिसल्यावर काय करावे? येथेच आम्ही चुकलो.

इंजिनातला जळका धूर सायलेन्सरकडे नेणारा जो ओतीव भाग असतो, ज्याला मॅनिफोल्ड म्हणतात, तो ब्लॉकला स्टड आणि नट यांनी बांधलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने व गंजाने ते नट जाम झाले होते. आम्ही पान्याला लोखंडी पाइप जोडला आणि दोघांनी मिळून जोर लावला. कट् असा आवाज झाला. नट सैल झाला नव्हता, स्टडच तुटला होता. दुसराही तसाच तुटला. आता पान्याने धरावे असे काही उरलेच नाही.

मग शोध सुरू झाला. नव्या गाड्यांचे मिस्त्री पुष्कळ, पण हे जुने पेट्रोल इंजिन हातोहात जाणणारा आमच्या भागात एकच. आम्ही त्याच्या दारी गेलो. पहिल्यांदा तो घरी नव्हता, दुसऱ्यांदा त्याने टाळले, तिसऱ्यांदा नुसते ऐकून घेतले. चौथ्यांदा तो आमच्याबरोबर आला.

त्याने पाइप बाजूला ठेवला. उरलेल्या प्रत्येक नटावर रोज संध्याकाळी डिझेल आणि ऑइल घातले, हातोडीने हलके टोले दिले व घरी गेला. तीन दिवसांनी त्याने नटाला थोडी धग दिली, नट केसभर सैल केला, पुन्हा केसभर आवळला, पुन्हा सैल केला. एकही स्टड तुटला नाही. इंजिनही जाम होते. त्याने प्लगच्या भोकांतून तेल सोडले व ते मुरू दिले. रोज एकदा हँडल लावून बघायचे, फिरले नाही तर ओढायचे नाही, असा त्याचा नियम. बाराव्या दिवशी क्रँक बोटभर हलला. आमच्या उतावीळपणाकडे पाहून तो म्हणाला, "मास्तर, जोर लावायचाच, पण तो काय म्हणतोय ते ऐकत ऐकत लावायचा." आम्ही तोडलेले दोन स्टड मात्र बारीक ड्रिलने कोरून काढावे लागले. आम्हांला तोडायला एक क्षण लागला होता, त्याला काढायला दोन दिवस लागले.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना संकोच वाटतो. हा मिस्त्री आमच्याच मंडळीचा. पंधरा वर्षांपूर्वी तो रविवार शाळेत शिकवीत असे, आणि मुले त्याच्या वर्गात आनंदाने बसत. पुढे त्याला दारूचे व्यसन लागले व मुलांच्या दानार्पणाचे पैसे त्याच्या हातून खर्च झाले. विचारल्यावर त्याने नाकारले नाही. कमिटीची सभा झाली आणि थोड्याच वेळात ठराव संमत झाला. त्या सभेत आम्ही तिघेही होतो. त्याला शिक्षकपदावरून दूर करणे योग्यच होते. मुलांची व त्यांच्या दानाची राखण करणे मंडळीचे कर्तव्य आहे, याविषयी आजही आमचे मत बदललेले नाही. परंतु ठरावानंतर त्याच्या घरी कोण जाणार, हा विषय त्या सभेपुढे नव्हताच. कोणी गेले नाही. तो उपासनेला येईनासा झाला, आणि काही वर्षांनी वर्गणी थकल्याच्या कारणाने सभासदांच्या यादीतून त्याचे नाव गळाले. आम्ही पाइप लावून नट ओढला होता.

एके संध्याकाळी हात धुता धुता तो म्हणाला, "मास्तर, या जीपसाठी तुम्ही माझ्या दारी चार खेपा घातल्यात." एवढे बोलून तो थांबला. पुढचे वाक्य त्याने उच्चारले नाही, पण आम्हां तिघांनाही ते ऐकू आले.

त्या रात्री आम्ही गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय काढला. पडलेल्या माणसाला पुन्हा ठिकाणावर आणा असे पौल सांगतो. तेथे त्याने योजलेला मूळ ग्रीक शब्द मत्तयाच्या चौथ्या अध्यायातही आहे. जब्दीचे मुलगे तारवात बसून जाळ्यांचे जे काम करीत होते, त्या कामासाठी तो वापरला आहे. कोळी फाटलेले जाळे फेकून देत नाही. तो ते मांडीवर घेतो, फाटले कोठे ते बोटांनी चाचपतो आणि गाठ गाठ जोडतो, कारण उद्या त्याच जाळ्याने मासे धरायचे असतात. पौल हे काम आत्म्याने चालणाऱ्यांवर सोपवतो, आणि त्यासाठी एकच हत्यार सांगतो : सौम्यता. सौम्यता म्हणजे ढिलाई नव्हे. आमचा मिस्त्री एकही नट तसाच सोडून देत नव्हता. पण कोणताही नट तुटणार नाही याची तो काळजी घेत होता.

त्याच वचनात प्रेषित दुरुस्ती करणाऱ्यालाही सावध करतो. आम्ही एकदा नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरत होतो. मिस्त्रीने दरडावून बाहेर काढले व आधी चारही बाजूंना घोड्या लावल्या. दुसऱ्याला सावरायला जाणारा स्वतः सुरक्षित आहे असे मानू लागला की धोका तेथेच सुरू होतो. आम्ही त्या सभेत पैशाला हात लावला नव्हता हे खरे, पण आमचा कठोरपणा कोणत्या वहीत लिहिला गेला?

आणि वहीवरून आणखी एक गोष्ट. आम्ही जुने हिशेब काढून पाहिले. मिस्त्रीने ते पैसे दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने पूर्ण भरले होते. पावत्यांची नोंद होती, परंतु ती कोणत्याही सभेत वाचली गेली नव्हती. पाचव्या वचनात ज्याचा त्याने वाहायचा भार सांगितला आहे, तो त्याने गुपचूप वाहिला होता. दुसऱ्या वचनातला, एकमेकांचा वाहायचा भार मात्र आम्ही उचललाच नव्हता.

जीप आता चालते. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदण्याचा नियम केला. तशी नोंदलेली गाडी प्रदर्शनाला वा रॅलीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. आम्ही तो मार्ग न घेता नेहमीची नोंदणीच नूतन करून घेतली, कारण ही गाडी शोभेसाठी उभी राहावी असे आम्हांला वाटेना. प्रभु येशूने समुद्रकाठी पेत्राला तीन वेळा विचारले आणि तिन्ही वेळा काम सोपवले. नाकारण्याचा गंज त्याने झाकला नाही, आणि पेत्राला क्षमेचा नमुना म्हणून बाजूलाही बसवले नाही. मेंढरे त्याच्या हाती दिली. कोणाला कोणते काम द्यावे याला विवेक लागतो. व्यसनातून उठलेल्या माणसाच्या हाती लगेच पैशाची पेटी देणे ही प्रेमाची खूण नव्हे. पण कामच न देणे ही नक्कीच भंगाराची रीत आहे.

आम्ही पाचव्यांदा त्याच्या दारी गेलो, तेव्हा जीपचे काहीच काम नव्हते. आम्ही क्षमा मागितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "येईन असं म्हणत नाही. पण तुम्ही येत जा." आम्ही जात असतो. कमिटीने त्याचे नाव पुन्हा यादीत घेतले आणि पैसे पूर्ण भरल्याची नोंद मंडळीपुढे वाचली. अलीकडे तो कधी कधी शेवटच्या बाकावर येऊन बसतो, पण प्रभुभोजनासाठी अजून पुढे येत नाही. आम्ही ओढत नाही. तेल घालून थांबलो आहोत.

रविवार शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. या पाठाच्या दिवशी एक गंजलेला नट-बोल्ट वर्गात न्यावा, मुलांसमोर त्यावर तेल घालावे आणि पुढच्या रविवारी तो मुलांकडून उघडावा. मग आपल्या वर्गातून कोण येईनासे झाले आहे ते विचारावे, आणि त्या मुलाच्या घरी स्वतः जावे.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, तू आम्हांला भंगारात टाकले नाहीस. ज्यांना आम्ही टाकले त्यांच्या दारी जाण्याचे धैर्य आम्हांस दे. आमच्या हातांना सौम्यता दे, थांबण्याचा धीर दे, आणि आमचा स्वतःचा गंज पाहण्यास डोळे दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.