ताऱ्यांचे वय आणि आपली श्रद्धा



कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने मला विचारले, “फादर, तारे कोट्यवधी वर्षांचे असतील, तर उत्पत्तीच्या पुस्तकातील सहा दिवसांचे काय? मी कोणाचे खरे मानू?” प्रश्न प्रामाणिक होता. त्याला गप्प बसवणे हे पाप ठरले असते.

सागाच्या ओंडक्यावरची वर्तुळे मोजून आपण झाडाचे वय सांगतो. ताऱ्यांना वर्तुळे नसतात. पण एका गुच्छातील तारे जवळजवळ एकाच वेळी जन्मतात. त्यांतील मोठे तारे आपले इंधन झपाट्याने उधळतात, लहान तारे काटकसरीने जळतात. कोणते विझले आणि कोणते उरले हे पाहिले की गुच्छाचे वय कळते. कृत्तिकांमधले मोठे निळे तारे अजून तेजाने जळत आहेत. वय सुमारे १० ते १२ कोटी वर्षे. मे महिन्यात आपल्या रानातून रात्री दक्षिणेला, क्षितिजाच्या थोडा वर, ओमेगा सेंटॉरी हा गुच्छ अंधुक ठिपक्यासारखा दिसतो. त्यातले तसे मोठे तारे केव्हाच संपले. त्याचे वय सुमारे १२०० कोटी वर्षे!

१९९० च्या दशकात मोठा पेच पडला. काही गुच्छांचे वय विश्वाच्या वयापेक्षा जास्त येऊ लागले. लेकरू आईपेक्षा वडील कसे? शास्त्रज्ञांनी आपली चूक शोधली. हिपार्कोस उपग्रहाच्या १९९७ मधील मोजमापांवरून हे गुच्छ वाटले होते त्याहून दूर, म्हणून अधिक तेजस्वी आणि वयाने लहान ठरले. १९९८ मध्ये विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे कळले आणि विश्वाचे वयही वाढले. आज ते सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात. पेच सुटला.

विश्वाचा आरंभ एका अतिसूक्ष्म अवस्थेतून झाला, हा विचार १९३१ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. आपल्या सिद्धांताचा उपयोग श्रद्धेचा पुरावा म्हणून व्हावा, हे त्यांना पसंत नव्हते. उत्पत्तीचे पुस्तक वर्षे मोजत नाही. हे सारे कोणाचे आणि कशासाठी, ते सांगते.

तरुणांनो, प्रश्न विचारायला भिऊ नका. आईबाबांनो, मुलांच्या प्रश्नांना रागावू नका. आपले मोजमाप चुकले तर पुन्हा मोजण्याची नम्रता शास्त्रज्ञांनी दाखवली. शेजाऱ्याविषयी, भावाविषयी आपण मनात धरलेले माप चुकले असेल, तर तेही पुन्हा मोजू या.

प्रभू आपणांस सत्याची आवड देवो. आमेन.