मेथी कोणाची?



बेळगाव तालुक्यातल्या एका गावच्या मराठी शाळेत आपल्या केंद्रातली आम्ही काही मंडळी दर शनिवारी सेवेला जातो. शाळा लहान, पहिली ते पाचवी मिळून 30 मुलं. सेवा म्हणजे फार मोठं काही नाही. शाळेमागच्या मोकळ्या जागेत मुलांबरोबर परसबाग करायची, आणि निघालेली भाजी मुलांनीच निवडून-धुऊन दुपारच्या जेवणाला द्यायची. या सेवेत मुलांनी आम्हाला एका प्रश्नात अडकवलं. तोच प्रश्न आज आपल्या घरोघरच्या समूहांपुढे ठेवतो आहोत.

दसरा झाल्यावर दोन वाफे मेथीचे केले, एक कोथिंबिरीचा, कडेनं मुळा लावला. धणे रगडून दोन फाका करून पेरायचे असतात, हे मुलांना नवीन होतं. मेथी चार-पाच दिवसांत वर आली. कोथिंबीर मात्र दहा दिवस झाले तरी दिसेना, तेव्हा मुलं माती उकरून बघू लागली. "उकरू नका रे, तिचं काम ती करतेय," असं सांगता सांगता आम्हालाच वाटून गेलं, नामस्मरणाला बसल्यावर आपणही असेच रोज उकरून बघतो की!

पाण्याच्या पाळ्या फळ्यावर लिहिल्या होत्या. महिनाभरात मेथी काढणीला आली. मुळासकट उपटली, माती झाडली, व्हरांड्यात वर्तमानपत्रं पसरून सगळे निवडायला बसले. एक-दोन मुलगे म्हणाले, "हे आईचं काम." पण तिसऱ्या जुडीला त्यांचाही हात बसला. भाजी तीन पाण्यांतून काढली. पहिलं पाणी लालभडक, तिसरं नितळ.

निवडलेला पाला जेमतेम दीड किलो भरला. बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला. सरकारी निकषाप्रमाणे प्राथमिकच्या एका मुलाला दिवसाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी. 30 मुलं गुणिले 50 ग्रॅम म्हणजे दीड किलो. महिनाभर पाणी घातलं, आणि भाजी झाली एका दिवसाची! मुलं गप्पच झाली.

मग चौथीतला एकजण उठला आणि दुसऱ्या एका मुलाकडे बोट दाखवून म्हणाला, "त्याला नाही द्यायची. त्यानं एक तांब्यापण पाणी घातलं नाही. पाळी आली की खेळायला पळायचा. आम्ही घातलंय, आम्हीच खाणार की!" बाकीच्यांनीही री ओढली.

तो मुलगा आजारी नव्हता, घरी त्याला काही अडचणही नव्हती. त्याला कंटाळा यायचा, एवढंच.

"बाळांनो, वाटून खावं" हे वाक्य आमच्या ओठांवर आलं होतं, पण बाहेर पडेना. कारण महिनाभर आम्हीच तर सांगत होतो की कष्टाशिवाय फळ नाही. मुलांनी तोच नियम लावला होता. त्यांचं म्हणणं खोटं म्हणायचं तरी कसं? ज्यानं राबायचं त्यालाच त्यागाचा उपदेश करायचा आणि जो पळाला त्याला काहीच बोलायचं नाही, हा काही न्याय नव्हे. अशानं राबणाऱ्याचं मन आतून कडू होतं, आणि पळणाऱ्याला फुकटची सवय लागते.

आमच्यात कुजबुज चालू असताना स्वयंपाकघरातल्या मावशी पातेलं घ्यायला बाहेर आल्या. त्यांनी ऐकलं आणि मुलांना विचारलं, "मग तांदूळ कोण पेरलंय तुमच्यातलं? डाळ? मीपण मेथीला पाणी घातलं नाही, मी शिजवू नको काय?"

मुलं हसली. आम्ही मात्र विचारात पडलो. ताटातल्या 100 ग्रॅम तांदळासाठी कुणीतरी चिखलात वाकून लावणी केली, कुणी मळणी केली, कुणी पोती पाठीवरून उतरवली. त्यातल्या एकानंही आपल्याला विचारलं नाही की तू माझ्या शेतात किती तांबे पाणी घातलंस. मेथीचं बीसुद्धा कुणीतरी पिकवलेलंच. ताटात आपल्या स्वतःच्या कष्टाचं किती, हे मोजायला बसलं तर एक घासही भरायचा नाही. म्हणून मुलांचे कष्ट लहान ठरत नाहीत. 'हे माझंच' हा दावा तेवढा लहान होतो.

या भागात ही शिकवण जुनीच आहे. कर्नाटकात शाळेतल्या जेवणाच्या योजनेचं नाव 'अक्षर दासोह'. दासोह हा शब्द 12व्या शतकातल्या बसवण्णांच्या शरण परंपरेतला, आणि त्याचा जोडीदार शब्द 'कायक'. कायक म्हणजे प्रामाणिक श्रम, पूजेसारखे केलेले. दासोह म्हणजे त्या श्रमातून आलेलं, आपण दाता नसून दास आहोत या भावनेनं समाजापुढे ठेवणं. दोन्ही शब्द एकत्र चालतात. कायक नसेल तर दासोहाला काही उरत नाही, आणि दासोह नसेल तर कायकातून नुसता अहंकार उगवतो. आपल्या आम्ही मुलांना कायक शिकवला होता, दासोह शिकवायचा राहिला होता.

1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिक्षणाचा विचार मांडला. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, असंही त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा शाळेचा कारखाना होईल, असा आक्षेप अनेकांनी घेतला. तो आक्षेप आजही विसरू नये. परसबाग मजुरीसाठी नाही. सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत आजही मुलं बागकाम करतात आणि स्वयंपाकही. पेरण्यापासून वाढण्यापर्यंतची वाट पुरी झाली, तरच शिक्षण पुरं होतं, असं आता आम्हाला वाटतं.

मग आमचं उत्तर काय? अन्न ही मजुरी नाही, आणि काम ही अन्नाची किंमत नाही. भूक लागली की ताट मिळालं पाहिजे, त्याला अट नको. आणि पाळी आली की काम केलं पाहिजे, त्यालाही सूट नको. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण एकीला दुसरीचं कुलूप लावायचं नाही.

त्या दिवशी मूगडाळ घालून केलेली मेथी सगळ्यांना वाढली, त्यालाही. पुढच्या पाळीत त्याचं नाव पुन्हा फळ्यावर लिहिलं, शिक्षा म्हणून नव्हे, इतरांसारखंच. तो बदलला असं सांगायला आम्हाला आवडलं असतं. तो कधी येतो, कधी पळतो. पहिला मुलगा अजून कुरकुरतो, पण वाढताना त्याचं ताट चुकवत नाही.

घरी परतताना एक गोष्ट मात्र टोचत राहिली. 'जो राबेल तो आधी खाईल' हा मुलांचा नियम आपल्या घरांना लावला तर? सगळ्यात जास्त राबणारी माउली आपल्याकडे सगळ्यात शेवटी जेवते, तेही उरलंसुरलं आणि गार झालेलं. तिथं आपण ना न्याय पाळतो, ना दासोह.

म्हणून या आठवड्याची साधना छोटीशीच. इंदूर असो, बडोदा, हैदराबाद की बेळगाव, गॅलरीतल्या एका कुंडीत मुलांच्या हातून मूठभर मेथी पेरून घ्या. एक दिवस भाजी निवडायला सगळे बसा, मुलगेसुद्धा. आणि त्या दिवशी पहिलं गरम ताट जिनं शिजवलं तिला मुलांच्या हातून वाढा. ती "नको, तुम्ही बसा आधी" म्हणेलच. तरी वाढा.

॥ शुभं भवतु ॥ 🙏