धरणे आणि सोडणे : खांब, दोर आणि योग

म्हैसूरच्या राजदरबारात मुम्मडी कृष्णराज वाडियार यांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकात सिद्ध झालेल्या ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथात १२२ आसने चित्रित असून त्यांत दोरावरचीही आहेत. पुरलेला मल्लखांब आणि लोंबता दोर एकाच साधनेत आणले, की पतंजलीने सांगितलेले अभ्यास, म्हणजे नेटाने टिकून राहणे, आणि वैराग्य, म्हणजे आसक्ती सोडणे, थेट देहाला भिडतात. खांबाला घर्षण कमी व्हावे म्हणून एरंडेल चोळतात. तेच अंगावर घेऊन दोर धरला तर पकड निसटते, म्हणून आधी अंग पुसणे आणि दोर खांबापासून झोक्याच्या टप्प्याबाहेर टांगणे ही स्वतःच्या देहाविषयीची अहिंसाच मानावी. दोरावर, तसेच टांगलेल्या कापडी पट्ट्यांवरही, गाठ न मारता वेढ्यांत भार अडकवतात. ते वेढे कोणत्या क्रमाने सुटतील, हे चढण्यापूर्वीच ठाऊक असावे लागते.