चूक दाखविणाऱ्याचे दायित्व

माधवगंजातील आमच्या शेजारची एक मुलगी अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षात शिकते. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ती संगणक घेऊन आमच्या ओसरीवर आली आणि रडवेली होऊन म्हणाली, "काका, हा म्हणतो शेवटच्या ओळीत चूक आहे. तिथे तर एका कंसाशिवाय काहीच नाही! मला हा विषय जमणारच नाही."

'हा' म्हणजे कंपायलर. माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्रास कळेल अशा रूपात उतरविणारा दुभाषा. व्याकरण चुकले की तो पुढे जाण्याचे नाकारतो. जावा भाषेच्या कंपायलरने तिला एवढेच सांगितले होते, की रचना उलगडता उलगडता फाईल संपली. विधान अक्षरशः खरे होते. महिरपी कंस मिटावयाचा राहिला होता तो मात्र बाराव्या ओळीपाशी, आणि ती दोन तास शेवटच्या ओळीचीच मोडतोड करीत होती.

ग्वाल्हेरकरांस हे सांगावयास नको, की सम हुकते तेव्हा मात्रा त्या क्षणी हरवलेली नसते; ती आधीच कुठे तरी तानेच्या ओघात सुटलेली असते. 'सम चुकली' एवढे म्हणून मोकळा होणारा गुरू खोटे बोलत नाही. पण शिष्याच्या हाती काय पडले?

मग खरे बोलल्याने चूक दाखविणाऱ्याचे कर्तव्य संपते काय? प्रश्न जुना आहे. कंपायलरने वापरणाऱ्यास काय सांगावे, यावर जेम्स हॉर्निंग यांनी १९७४ साली स्वतंत्र लेखच लिहिला. त्याच सुमारास कॉर्नेल विद्यापीठाचा पीएल/सी कंपायलर दुसऱ्या टोकास गेला होता. विद्यार्थ्याची चूक तो आपणच दुरुस्त करी आणि आज्ञावली पुढे चालवी. छिद्रित कार्डांच्या त्या काळात एकेका फेरीसाठी ताटकळावे लागे, म्हणून ही दया. आम्हांस ती पुरती पटत नाही. जे लिहिलेच नाही ते लिहिणाऱ्याच्या नावावर चढते.

कंस एक कमी आहे, हे यंत्र मोजून सांगू शकते. तो कोठे हवा होता, हे लिहिणाऱ्याच्या मनात असते. जीसीसी कंपायलर २०१८ मधील आठव्या आवृत्तीपासून न मिटलेला कंस कोठे उघडला तेही दाखवितो; पण आतला कंस राहून गेला तर बाहेरचा मिटता कंस त्यालाच जाऊन जुळतो, आणि दोष भलत्याच कंसावर येतो. रस्टचा कंपायलर अशा वेळी ओळींच्या समासाकडे पाहून अंदाज बांधतो व सांगतो, की अमुक कंस 'कदाचित' नीट मिटलेला नसावा. हा 'कदाचित' आम्हांस फार मोलाचा वाटतो. 'मी येथे अडलो' हे कंपायलरास ठाऊक असते. 'तू येथे चुकलीस' हे नसते. (घरातील वडीलधाऱ्यांसही बहुधा नसतेच.)

त्या संध्याकाळी आम्हीही आधी 'लक्ष देऊन लिहीत जा' असेच म्हणून बसलो होतो. मग पेन्सिल घेऊन दोघांनी पहिल्या ओळीपासून कंस मोजावयास घेतले. बारावी ओळ सापडली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती.