उपाशी शाहीर आणि लोण्याची जाहिरात

बंडाचे गाणे गाणाऱ्याने पोट कसे भरावे, हा खरे तर त्याचा खासगी प्रश्न. पण श्रोते तसे मानत नाहीत. पुढाऱ्याच्या किंवा व्यापाऱ्याच्या ताटाकडे आपण डोळेझाक करतो. शाहिराच्या ताटात मात्र तूप दिसले की लगेच कुजबूज सुरू होते, 'विकला गेला!'

लंडनच्या जॉन लायडनवर हीच वेळ आली. आयरिश कामगार आईबापांच्या पोटी १९५६ साली जन्मलेला हा पोरगा 'जॉनी रॉटन', म्हणजे सडका जॉनी, या नावाने 'सेक्स पिस्टल्स' या पंक वाद्यवृंदात गाऊ लागला. पंक म्हणजे सुराची पर्वा नाही, कपडे फाटके, ते सेफ्टी पिनांनी जोडलेले, आणि तोंडात बेकारीचा संताप. १९७७ साली राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव चालू असताना या पोरांनी राष्ट्रगीताचेच नाव घेऊन राजेशाहीवर गाणे काढले. बीबीसीने ते वाजवायचे नाकारले, तरी विक्रीच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर गेले. जानेवारी १९७८ मध्ये वृंद फुटला. पुढे २००६ साली अमेरिकेतल्या रॉक संगीताच्या मानाच्या दालनात त्यांची निवड झाली, तेव्हा त्यांनी खरमरीत पत्र पाठवून तो मान झिडकारला. आणि २००८ मध्ये हाच सडका जॉनी साहेबी थाटाचा कोट घालून दूरचित्रवाणीवर लोण्याची जाहिरात करताना दिसला!

लोक हसले, चिडले. मिळालेल्या पैशातून त्याने आपला दुसरा वाद्यवृंद पुन्हा उभा केला. मला विचाराल तर यात लोण्याचे पाप फार मोठे नाही. जाहिरातीने त्याच्या गाण्यातला एक शब्दही बदलला नाही. मानाच्या दालनात मात्र गाणेच काचेच्या कपाटात जाते. तिथे त्याला कोणी भीत नाही, म्हणून तर त्याला आत घेतात.

आता आपल्या अण्णा भाऊ साठ्यांकडे पाहा. १ ऑगस्ट १९२० चा जन्म, वाळवे तालुक्यातले वाटेगाव. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा त्याच तमाशाने 'लोकनाट्य' हे नाव घेऊन फड गाजवले. 'फकिरा'ला १९६१ मध्ये राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. तरी घाटकोपरच्या चिरागनगरातली झोपडी काही लवकर सुटली नाही, आणि १८ जुलै १९६९ रोजी हा माणूस हलाखीतच गेला. पुढे २००२ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला.

उपाशी शाहीर आपल्याला फार आवडतो, आणि मेलेला त्याहून जास्त. त्याने स्वतःला विकले नाही याचा आपल्याला केवढा अभिमान! पण त्याला लोण्याची जाहिरात करा म्हणून विचारायला तरी कोण आले होते? दारिद्र्य लादलेले असेल, तर ते त्यागाच्या खात्यावर जमा करणे मला तरी अप्रामाणिक वाटते.

आपल्या शेजघरातही हा प्रश्न आहेच. मराठीतले 'बंड' आणि कानडीतले 'बंडाय' ही एकाच घरची लेकरे दिसतात. बंडाय चळवळीचे कवी सिद्धलिंगय्या यांची गाणी दलित संघर्ष समितीच्या मोर्च्यांत गल्लोगल्ली गायिली गेली. पुढे ते दोनदा विधान परिषदेवर गेले, कन्नड विकास प्राधिकाराचे अध्यक्षही झाले. आपल्या सीमाभागात या प्राधिकाराचे नाव काढले की कपाळावर कोणत्या आठ्या पडतात, हे वाचकांना सांगायला नको. पण २०२१ साली ते गेले तेव्हाही त्यांची गाणी मोर्च्यांतच होती. खुर्चीने कवीला बसवून घेतले असेल, गाण्याला नाही.

म्हणजे प्रश्न गायकाच्या ताटाचा उरत नाही. गाण्याचे पुढे कोण काय करतो, हा खरा प्रश्न, आणि तो आपल्या दारात येतो.

'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णा भाऊंची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. तिच्यात बेळगावचे, कारवारचे नाव येते. १ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, ती जखम या गाण्याने जपली, याबद्दल दुमत नाही. पण आमच्याकडच्या व्यासपीठांवर बहुधा तेवढेच कडवे टाळ्या घेते. त्याआधी गाण्यात एक बायको मागे टाकून पोटासाठी मुंबईला गेलेला मजूर आहे, श्रीमंतांची मुंबई आणि गरिबांची मुंबई आहे. तो मजूर वगळून उरलेला नकाशा गाणे, हेसुद्धा गाणे कपाटात ठेवणेच नाही का? हा मजूर मराठीच असला पाहिजे असे थोडेच आहे? निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांच्या घोळक्यात मराठी, कानडी, उर्दू एकाच सुपाभोवती ऐकू येते.

अशाच एका मावशींना मी विचारले, "मैनेचं गाणं येतं का हो?"

"येतंय की," त्या म्हणाल्या. सुपातले पान कातरीने कापत त्यांनी सुरुवातीची कडवी गुणगुणली. त्यांचे यजमान इचलकरंजीच्या मागावर कामाला होते, पंधरवड्यातून एकदा घरी यायचे. सीमेचे कडवे आले तशा त्या थांबल्या.

"पुढचं?" मी विचारले.

"ते मिटिंगमधी म्हणत्यात," त्या म्हणाल्या, आणि पुढचे पान उचलले.