आज्ञा त्यांची, किंमत तिची

1895 साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. देवाची हाक त्यांनी ऐकली; लक्ष्मीबाईंनी ऐकली नव्हती. तरी पुढची काही वर्षं लहान मुलाला घेऊन नवऱ्यापासून वेगळं त्यांनाच राहावं लागलं.

मग टिळक चुकले का? मत्तयच्या शुभवर्तमानात येशू आईबापांहूनही आपल्यावर जास्त प्रेम करायला सांगतो. पण मार्कच्या सातव्या अध्यायात तोच येशू ‘हे देवाला अर्पण केलंय’ म्हणून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांना खडसावतो. म्हणजे देवाचं नाव घेतलं की घरचं देणं फिटत नाही.

मला वाटतं, आज्ञापालन स्वतःपुरतंच करता येतं. दुसऱ्याच्या वतीने केलं की ती सक्ती होते, मग ती चर्चमध्ये असो वा घरात. लक्ष्मीबाईंनी 1900 साली बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःला पटल्यावर. नवऱ्याची श्रद्धा त्यांना पुरली नाही, आणि पुरायलाही नको होती.

देवाचं ऐकताना किंमत दुसरंच कुणी मोजत असेल, तर निदान ते ऋण मान्य करावं. माझ्या मते तेही आज्ञापालनच.