पांढरे डाग आणि विटाळ

डिशवॉशरचं दार उघडलं की आधी वाफ बाहेर येते आणि वाफ विरली की तक्रार. अकोला-अमरावतीत बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत ही तक्रार बहुधा एकाच वाक्यात असते: "काहून बाप्पा, एवढं महागाचं मशीन अन् गिलास पांढरेच!" तेलकटपणा गेलेला असतो, फोडणीचा वास उरलेला नसतो, ताट हाताला चटका बसेल इतकं गरम असतं, पण काचेवर दुधट थर. मग ती भांडी पुन्हा मोरीत जातात, त्याच बोअरच्या पाण्याने विसळली जातात आणि वाळल्यावर आणखी पांढरी दिसतात.

निदान अवघड नाही. गिलासावर लिंबाची फोड घासावी. थर निघाला तर तो पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. निघाला नाही तर काचच झिजलेली असते, आणि हे दुखणं उलट मऊ पाण्यात भरमसाट पावडर टाकणाऱ्यांच्या वाट्याला येतं. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं आणि अमरावतीला अप्पर वर्धाचं पाणी मिळतं. ते बोअरपेक्षा बरंच सौम्य. पण नळ रोज येईलच असं नाही, म्हणून टाकीत दोन्ही पाणी एक होतं. मशीनच्या पोटात कठीण पाण्यासाठी एक कप्पा असतो. त्यातल्या रेझिनच्या बारीक मण्यांवर सोडियम असतो. मणी पाण्यातला कॅल्शियम धरतात आणि सोडियम सोडतात. मणी भरले की त्यांना पुन्हा कामाला लावायचं ते मिठाने, आणि हे मीठ जाड्या दाण्याचं लागतं. स्वयंपाकाचं बारीक मीठ टाकलं तर त्याचा गठ्ठा होतो. मशीनवर पाण्याच्या कठीणपणाचा आकडाही लावावा लागतो. तो बहुतेक घरांत कारखान्यातून आला तसाच राहिलेला असतो. पाणी तळाशी साचलं तर आधी जाळी काढून धुवावी, मग मागच्या नळीला मुरड पडली आहे का ते बघावं. फवारणाऱ्या पात्यांची भोकं क्षारांनी बुजली असतील तर टाचणीने मोकळी करावीत. पितळ, तांबं, अॅल्युमिनियमची कढई, लोखंडी तवा आणि लाकडी पोळपाट मात्र आत घालूच नये.

दर्यापूरकडे, पूर्णेच्या खोऱ्यात गेलं की यातला अर्धा सल्ला लंगडा पडतो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरच्या खारपाणपट्ट्यात भूजल नुसतं कठीण नाही, खारं आहे. मशीनमधलं मीठ कठीणपणा काढतं, खारेपणा नाही. पाणी उडून गेलं की विरघळलेले क्षार भांड्यावरच राहतात.

इथपर्यंत मामला मेकॅनिकचा. पण डाग एकही नसताना काही घरांत भांडी धुण्याआधी आणि धुतल्यानंतरही विसळली जातात, तेव्हा दुखणं मशीनमध्ये नसतं. डिशवॉशर काही लिटर पाणी तळाशी घेतं, जाळीतून गाळतं आणि तेच पुन्हा पुन्हा फवारतं. मग ते टाकून नवं घेतं. म्हणूनच दहा-बारा लिटरांत सगळं आटोपतं. वाहत्या पाण्यानेच भांडं शुद्ध होतं असं मानणाऱ्या आजीला हे पटणं कठीण: सगळ्यांचं उष्टं, कालच्या मटणाची वाटी आणि नैवेद्याचं ताट एकाच पाण्यात! ज्यू धर्मपंडितांनीही मांसाची आणि दुधाची भांडी एका मशीनमध्ये घालावीत का यावर वाद घातला आहे, आणि त्यांच्यात एकमत नाही. प्रश्न जुनाच आहे. भांडं शुद्ध झालं हे कशावरून ठरवायचं, त्याला काय चिकटलंय यावरून की त्याला कोण शिवलंय यावरून?

गंमत अशी, की धर्मशास्त्र भांड्यांच्या बाबतीत बरंचसं पहिल्या बाजूला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात धातूनुसार उपाय सांगितलेत. काही चिकटलेलं नसेल तर सोन्याला नुसतं पाणी पुरे. तांबं, लोखंड, कासं, पितळ यांना क्षार, आंबट आणि पाणी. मातीचं भांडं पुन्हा भट्टीत. पऱ्हाटीच्या राखेने ताटं आणि चिंचेने तांब्या घासणारी वऱ्हाडी बाई हेच करत होती. राखेतला क्षार तेलकटपणा तोडतो, आंबट पदार्थ तांब्यावरचा काळेपणा विरघळवतो. आजच्या मशीनमध्येही पावडर क्षाराची असते आणि शेवटच्या विसळणीच्या द्रावात बहुधा सायट्रिक आम्ल असतं. त्याच अध्यायात सगळ्या शुद्धींमध्ये पैशाच्या व्यवहारातली शुद्धी श्रेष्ठ, माती-पाण्याची नव्हे, असंही म्हटलं आहे. सोवळ्याचा कडक अंमल असलेल्या घरांत हे वचन फारसं ऐकू येत नाही, हा भाग वेगळा.

घोळ होतो तो माणसांपाशी. ताटाला चिकटलेलं घासून निघतं. माणसाला जन्माने चिकटवलेला विटाळ मात्र कुठल्याच क्षाराने निघत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. पाण्याच्या स्वच्छतेचा विचार केला तर हा प्रकार नेमका उलटा: गढूळ करून शुद्ध करणं. डिसेंबरमध्ये महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला, त्यात पंजाबराव देशमुख पुढे होते, आणि नोव्हेंबरमध्ये त्यासाठी अमरावतीत भरलेल्या परिषदेचं अध्यक्षपद आंबेडकरांनी भूषवलं.

अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावात १८७६ मध्ये परटाच्या घरी जन्मलेल्या डेबूजीने, म्हणजे गाडगेबाबांनी, या प्रश्नावर प्रबंध लिहिला नाही. त्यांनी फुटकं गाडगं घेतलं. मातीचं भांडं उष्टं झालं की फेकायचं, ही सोवळ्याची रीत. बाबा त्याच खापरात भाकरी खात आणि तेच डोक्यावर घालत. हातात खराटा, म्हणजे स्वच्छतेबद्दल ते ढिले होते असं कुणी म्हणू शकणार नाही. गाव झाडून मग रात्री कीर्तन. दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या काढल्या: घाण काढायची, विटाळ मानायचा नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर त्यांचं निधन झालं. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे.

डिशवॉशरचा जन्मही नोकरांच्या हातांवरच्या अविश्वासातून झाला. अमेरिकेत जोसेफीन कॉकरन या बाईंच्या घरी मोलकरणींच्या हातून चिनी मातीच्या भांड्यांचे टवके उडत. त्यांनी यंत्र तयार केलं आणि १८८६ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातल्या उपाहारगृहांत त्यांची यंत्रं भांडी धूत होती, आणि त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले. पुढे मायदेशी परतल्यावर, धर्म स्वयंपाकघरात आणि शिवाशिवीत कोंडला गेलाय, हे त्यांनी कठोर शब्दांत सांगितलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण एका जत्रेत दोन्ही असाव्यात हे मजेशीर आहे.

आपल्याकडे हे यंत्र घरोघरी चर्चेत आलं ते २०२०च्या टाळेबंदीत, धुणंभांडी करणाऱ्या बायका येऊ शकेनात तेव्हा. नंतर बाई परत आली. काही घरांत मशीनही राहिलं. आणि मोरीच्या कट्ट्यावरचा तिचा वेगळा कपही अनेक ठिकाणी राहिला. जिच्या हाताने घरातलं प्रत्येक भांडं घासून निघतं, तिला त्यातल्या एकातही चहा मिळत नाही. मालकिणीला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "तसं काही नाही हो, आरोग्याचं बघावं लागतं."

शाकाहारी माणसाने मटणाचं पातेलं वेगळं ठेवावं, तो त्याच्या खाण्याचा प्रश्न. त्यावर भांडायचं कारण नाही. सोवळं म्हणजे जुन्या काळचं आरोग्यशास्त्र, हा दावा मात्र तपासता येतो, आणि डिशवॉशर तो फुकटात तपासून देतं. कडक धुलाईला पाणी पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत तापतं, एवढ्या गरम पाण्यात हात घालणं कुणालाच जमत नाही. तिचा कप वरच्या रॅकमध्ये घरच्यांच्या कपांशेजारी ठेवला तर आरोग्याची शंका तिथे मिटते. तरीही तो कट्ट्यावरच राहिला, तर आरोग्याचं कारण गळून पडतं आणि उरतं ते महाडच्या १०८ घागरींचं कारण.